जाड अक्षराची हाक

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
७ एप्रिल २०२५

शिवा,

आशीर्वाद आहेतच, ते काय संपत नाहीत. आधी कामाचं बोलते.

बोलतेय मी, लिहितेय तुझी आई. तिचं अक्षर बारीक आहे, चष्मा लावून वाच. तुला वाटंल, घरात फोन असताना म्हातारीला पत्राचं खूळ कुठून लागलं. तर परवा पुंजाराम दुकानात आला, टेबलावरचा तुझ्या बापाचा फोन उचलला आणि स्वतःचाच असल्यासारखा बोट फिरवत सगळे मेसेज बघून काढले. पुंजाराम म्हणजे तोच, पेंटरची शिडी धरायचा तो. आता काकासाहेबांच्या गाडीचं दार धरतो. म्हणून कागद. वाचून झाला की गॅसवर धर.

पेंटर म्हणजे तुझा आजा बद्रीनाथ, हे तुला सांगायला नको. अख्खं शहर त्यांना पेंटर म्हणायचं, मग मी एकटीनंच कशाला 'अहो' करत बसू?

झालं असं. गेल्या आठवड्यात काकासाहेबांचा वाढदिवस होता. आपल्या भागातलं पाणी त्यांच्या मर्जीनं सुटतं, नळ कोरडे राहतात आणि त्यांचे टँकर रोज भरून जातात, हे तू इथं असल्यापासून तसंच आहे. त्यांची माणसं बॅनरची फाइल घेऊन आपल्याच दुकानात आली. मोठा फोटो, वर 'पाणीदार नेतृत्व', खाली 'काकासाहेब'. आणि अक्षर कुठलं? तुझं. म्हणजे पेंटरचं. पेंटरच्या पाट्यांवरून उचलून तू कॉम्प्युटरात घातलंस आणि जगाला फुकट वाटलंस, ते. ज्या अक्षरासाठी गिऱ्हाईक आपल्याच दुकानात यायचं, ते आता गल्लीबोळातल्या प्रत्येक फ्लेक्सवाल्याकडं आहे. तुमचं दोघांचं भांडण त्यावरूनच झालं, ते मी उकरून काढत नाही. पण दोन वर्षं माझ्या कृष्णानं, तुझ्या बापानं, ते अक्षर दुकानात घेतलं नव्हतं. कुणी मागितलं तर म्हणायचा, "आमच्याकडं नाय." ह्या खेपेला नाय म्हणता आलं नाही. बॅनर मशीनमधून बाहेर येत होतं तेव्हा मी तिथंच बसले होते. घरात हंडा पालथा पडलेला, आणि आपल्या पेंटरचं अक्षर त्या माणसाला पाणीदार म्हणतंय. कृष्णानं बॅनर गुंडाळलं आणि दोरी बांधली.

मग शनिवारी सकाळी चौकातल्या टाकीच्या भिंतीवर, त्या बॅनरच्या बरोबर समोर, हातभर उंच अक्षरं. काळी, बाजूनं लाल सावली. तुझ्या आईनं मला वाचून दाखवलं: 'काकासाहेब, पाणी कुठंय?'

एवढंच. ना नाव, ना गाव. रिक्षावाले ब्रेक मारून वाचायला लागले.

दुपारी पुंजाराम आला. म्हणाला, "कृष्णा, हे अक्षर कुणाचं?"

"माझ्या बापाचं," तुझा बाप म्हणाला.

"ते मलाबी माहितेय. हात कुणाचा?"

कृष्णानं मशीनकडं तोंड फिरवलं. पुंजाराम म्हणाला, "जयंती तोंडावर आलीय. लोकांचे बॅनर अडवू नका, असं साहेबांनी सांगितलंय. ती झाली की मंगळवारी बसू. ज्यानं लिहिलं त्यानं चार लोकांत भिंत पुसायची. नाहीतर तो हात पुन्हा ब्रश धरायच्या लायकीचा राहायचा नाही."

हे त्यानं हसत सांगितलं. दात पिवळे झालेत त्याचे.

आता तुझ्या बापाला एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, हे अक्षर कॉम्प्युटरात आहे, कुणीबी काढावं, पुठ्ठ्यात कापावं आणि भिंतीवर रंग मारावा. पण ते म्हणायचं तर तुझं नाव घ्यावं लागतं. ते त्याच्या तोंडातून निघंना. म्हणून तू ये आणि तू म्हण. कृष्णा शुक्रवारी घरीच होता. लिही सुरेखा, थांबलीस का? घरीच होता.

तुझी आजी
(अंगठा उठवणार होते, तुझी आई म्हणाली कागद खराब होतो.)


९ एप्रिल

शिवा,

पहिलं पोचलं असंल नसंल, दुसरं सोडते. तू पुण्यात एवढा मोठा माणूस झालास, टपाल घ्यायला नोकर ठेवलाय का?

काल मी भिंत बघायला गेले. तुझी आई म्हणाली, आत्याबाई, ऊन आहे. मी म्हणाले, ऊन मला ओळखतंय.

मला वाचता येत नाही, पण माझा संसार ओल्या पाट्यांमधून अंग चोरत चालण्यात गेलाय. साडीला रंग लागला की पेंटर पाटीकडं धावायचे, माझ्याकडं नाही. त्यांचं अक्षर म्हणजे पैलवान. मान बसकी, खांदे रुंद, वरची रेघ तुळईएवढी आणि पोटातली फट एवढीशी, की बोट शिरंल न शिरंल. ती फट कमी करायची पण बुजू द्यायची नाही, सगळं कसब त्यातच, असं म्हणायचे. शहागंजातल्या दुकानांना तेच अक्षर, लासूर स्टेशनच्या अडतीला तेच, ट्रकच्या पाठीला, कुस्तीच्या फडाला तेच. लग्नपत्रिका मागायला कुणी आलं की हाकलून द्यायचे. "लांबून हाक मारायची असंल तर माझ्याकडं ये. शेजारी बसून बोलायचं असंल तर बारीक अक्षरवाला बघ."

हे तू लोकांना सांगितलं नाहीस का अक्षर वाटताना? इथल्या एका मंगल कार्यालयानं जेवणाची यादी तुझ्या जाड अक्षरात छापलीय, तीही बारीक करून. मठ्ठा कुठला आणि जिलबी कुठली, काही कळंना, नुसत्या मुंग्या. ती बघून तुझा बाप हसला होता. दोन वर्षांत तेवढाच, तोही तुझ्यावर.

बरं, भिंत. क मला ओळखू येतो. दोन्ही हात कमरेवर ठेवून भांडायला उभी राहिलेली बाई. तिच्याशेजारी काठी उभी केली की झाला का. काकासाहेबांच्या नावात अशा दोन बाया शेजारीशेजारी उभ्या आहेत. बॅनरवर बघितल्या, तर दोघी जुळ्या. तोच पदर, तेच नाक. मग मान वळवून भिंतीवर बघितल्या. तिथल्या जुळ्या नाहीत. पहिली ताठ. दुसरीचा पाय जरा बाहेर गेलाय, शेजारणीला धक्का लागू नये म्हणून सरकल्यासारखा. एका पाटीवर तेच अक्षर दोनदा आलं की पेंटर दुसरं असंच हलवायचे.

मला जे दिसलं ते सांगितलं. ह्यापुढं काही म्हणत नाही, कारण लिहिणारी तुझी आई आहे आणि तिला उगाच घोर नको.

पण मी बघत होते तेव्हा माझ्यामागं पुंजारामबी येऊन उभा होता. शिडी धरताना त्यानंबी वर बघितलेलंच आहे की. माझ्याबरोबर घरापर्यंत आला, चहा प्यायला, बिनसाखरेचा. साखर झालीय म्हणे. मी म्हणाले, एवढ्या कडू माणसाला कशी झाली? तर हसला आणि म्हणाला, "वहिनी, मंगळवारी शिवराजचं अक्षर कॉम्प्युटरातून काढू आणि भिंतीच्या फोटोवर ठेवून बघू. जुळलं तर कुणाचंबी काम असंल. नाही जुळलं, तर हाताचं. आणि तो हात असलेला शहरात एकच माणूस उरलाय."

कप धुऊन ठेवून गेला. तेच मला जास्त वाईट वाटलं.

मंगळवार म्हणजे पंधरा तारीख. तू काय करशील ते मला माहीत नाही, मला कॉम्प्युटरातलं काय कळतंय. पण दुसरीचा पाय बाहेर आहे, शिवा.

तुझी आजी

(शिवा, हे मी माझं लिहितेय, आत्याबाईंना वाचता येत नाही म्हणून. त्यांना वाटतं मला काही माहीत नाही. शनिवारी सकाळी तुझ्या बाबांचा शर्ट मी टर्पेंटाइननं धुतला. बाहीला लाल रंग होता. आत्याबाईंना कळू देऊ नकोस, त्यांचं बीपी वाढतं. भिंतीचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतोय, तुझ्याकडेही आला असेल. मोठा करून बघ. आई.)


१२ एप्रिल

शिवा,

ना पत्र, ना तू. तुझं अक्षर लई धीट आहे म्हणतात. चौकात उभं राहतं, कुणाला भीत नाही. तुझ्यात त्यातलं थोडं राहिलंय, का सगळंच वाटून टाकलंस?

इथं दुकानात आता काकासाहेबांचा एक माणूस स्टुलावर बसवलाय. कडुबा नाव. काही बोलत नाही, त्रास देत नाही. जयंतीच्या कामाची झुंबड आहे, गिऱ्हाईक दारापर्यंत उभं, मशीन बंद नाही, आणि हा दिवसभर कृष्णाच्या उजव्या हाताकडं बघत बसतो. बॅनर कापताना बघतो, माउस फिरवताना बघतो. काल मी डबा घेऊन गेले. कृष्णानं घास उचलला तर ह्याचे डोळे घासाबरोबर वर गेले. मी म्हणाले, "बाबा, तूबी खा दोन घास, नुसतं बघून पोट भरत नाही." तर लाजला. आईबापानं वाढवलेलं असंल की त्यालाबी.

तुझा बाप आता डाव्या हातानं चहा पितो. ते त्याच्या लक्षात आलेलं नाही.

आज सकाळी मी त्याला एकट्याला गाठलं. म्हणाले, "कृष्णा, एकदा म्हण ना, पोराचं अक्षर आहे म्हणून. काय जातंय तुझं?"

म्हणाला, "माय, त्या बॅनरवर होतं ते त्याचं. भिंतीवर आहे ते बाबांचं. मी खोटं कसं बोलू?"

एवढं बोलून गेला. मी कानावर हात ठेवले, पण ऐकू आलं होतं. ह्यातलं सुरेखानं काय लिहिलं आणि काय गाळलं, कुणास ठाऊक. पेन थांबल्यासारखं वाटलं मला मध्येच.

काकासाहेबांनी भिंतीला चुना मारून घेतला. दोन हात मारले. पण पैलवान आहे ते, चुन्याखालून खांदे दिसतायत. उलट आता लोक जवळ जाऊन वाचतात.

मंगळवारला किती राहिलं, ते तुला मोजता येतं.

आजी


१६ एप्रिल

शिवा,

आज घाई नाही, सावकाश सांगते.

रविवारी सकाळी दूधवाला दारातूनच ओरडला, "आजी, तुमच्या भिंतीला पोरं झाली!"

मला वाटलं माणसाला ऊन लागलंय. तुझ्या आईला घेऊन रिक्षानं शहागंजपर्यंत गेले. शिवा, काय सांगू. खांबावर, शटरवर, रिकाम्या ड्रमवर, एका ठिकाणी तर टँकरच्याच पाठीवर. 'पाणी कुठंय?' आणि पुढं ज्याच्या त्याच्या भागातल्या पुढाऱ्याचं नाव. सगळीकडं तेच अक्षर. रिक्षावाल्यानं फोन दाखवला. म्हणाला, "पुण्याच्या एका पोरानं नवीन अक्षर टाकलंय नेटवर, सोबत कापायचा कागदबी आहे. आपण नाव घालायचं, कापायचं आणि रंग मारायचा." आणि मग मला समजावून सांगायला लागला, जाड अक्षर लांबून कसं दिसतं ते. मी म्हणाले, "हो का? बरं झालं सांगितलंस."

तुझी आई सगळ्या वाटेनं खिडकीबाहेर बघत होती. काही ठिकाणी काकासाहेबांचं नाव होतं. मी रिक्षा थांबवली, उतरले, दोन बायांकडं बघितलं. दुसरीचा पाय बाहेर होता.

मग मी रडले नाही. ऊन होतं, डोळ्याला पाणी येतं.

मंगळवारी दुपारी ते आले. पुंजाराम, कडुबा, आणि काकासाहेबांचा पुतण्या, काखेत लॅपटॉप. तुझा बाप मशीनजवळ. मी म्हणाले, मी बसणार, माझं दुकान आहे. कुणी उठवलं नाही. तुझी आई दारात उभी.

पुतण्यानं तिथंच तुझं अक्षर उतरवून घेतलं, भिंतीवरचं वाक्य घातलं आणि पेनड्राइव्ह कृष्णाच्या हातात दिला. "काढा प्रिंट. पारदर्शक कागदावर." म्हणजे त्याच्याच हातानं, त्याच्याच मशीनवर. शिवा, त्या मशीनचा आवाज मला कधी एवढा मोठा वाटला नव्हता. कागद इंच इंच बाहेर येतोय. पहिली बाई आली, ताठ. मग दुसरीचं डोकं आलं, खांदे आले. कृष्णाचं लक्ष नव्हतं, तो भिंतीवर टांगलेल्या पेंटरच्या फोटोकडं बघत होता. त्याला ठाऊक होतं ना, जुळणार नाही ते. शहागंजात तो गेलेलाच नव्हता, कडुबानं दुकानातून हलू दिलं नव्हतं.

मग पाय आला. बाहेर गेलेला.

कृष्णानं खाली बघितलं. बघतच राहिला. कागद मशीनमधून सुटून खाली पडला तरी उचलंना. शेवटी कडुबानंच उचलून टेबलावर ठेवला. फोटो खाली, कागद वर. पुंजाराम वाकला. एका केसाचा फरक असंल नसंल.

पुतण्या म्हणाला, "जुळलं की."

पुंजाराम म्हणाला, "थांबा. वाढदिवसाच्या बॅनरवर दोन्ही का सारखे होते. हे नवीन आहे." आणि सरळ झाला. "कृष्णा, हे कधी बदललं?"

मी पदर तोंडात धरला होता, काही बोलून जाईन म्हणून. तुझा बाप पेंटरच्या फोटोकडून कागदाकडं, कागदाकडून पुंजारामकडं बघत होता. मला वाटलं, आता हा खरं बोलतो आणि हात पुढं करतो. तसाच आहे तो.

मग म्हणाला, "माझ्या पोराला विचार. अक्षर त्याचं आहे."

दोन वर्षांनी, शिवा. 'माझ्या पोराला' म्हणाला.

पुंजारामनं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात पुतण्याचा फोन वाजला. तिकडून काकासाहेब असे ओरडत होते की मलाबी ऐकू येत होतं. त्यांच्या घरासमोर उभ्या केलेल्या टँकरवरच कुणीतरी रंग मारला होता. पुतण्यानं लॅपटॉप मिटला. "चला. गावातल्या किती लोकांचे हात मोडत बसायचे?" कडुबा मला नमस्कार करून गेला. पोरगं वाईट नाही.

पुंजाराम मागं राहिला. पारदर्शक कागदाची नीट गुंडाळी केली आणि माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "वहिनी, उस्ताद दुसऱ्या का चा पाय एवढा बाहेर काढत नव्हते."

मी म्हणाले, "म्हातारपणी काढायचे. तू तेव्हा गाडीचं दार धरत होतास."

मग फोटोला हात जोडले आणि गेला. त्याला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. गप्प बसला, एवढं खरं. उद्या बोलंल का, माहीत नाही. पण आता त्याला अख्खं शहर दाखवावं लागंल.

काल नळाला पाणी आलं. गढूळ, पण आलं.

आणि तुझ्या आईची एक गंमत. मला म्हणते कशी, "आत्याबाई, मला तर काही ठाऊकच नव्हतं." अगं बाई, शनिवारी सकाळी न्हाणीघरातून टर्पेंटाइनचा असा वास येत होता, की मला वाटलं पेंटरच परत आले. वाचता येत नाही म्हणून नाकबी गेलंय का माझं? लिही, लिही. लाजू नको.

थांब. दारात कृष्णा आलाय.

तुझ्या आईनं कागद पदराखाली घेतला. तो म्हणतोय, "चालू द्या. पहिल्या पत्रापासून ऐकतोय मी. माय हळू बोलतच नाही." आणि जमिनीवर बसलाय, हातात तोच प्रिंट. पुंजाराम नेईल वाटलं होतं, ठेवून गेला. म्हणतोय, "त्याला सांग, पाय लई बाहेर काढलाय. आणि ण चं पोट बुजतंय."

मी म्हणाले, "तू सांग. मी का तुझी कारकून आहे?"

उठला. कपाटावरचा काळ्या रंगाचा डबा काढला, झाकण चमच्यानं उघडलं. तुझ्या आईच्या हातातला हाच कागद ओढून घेतलाय आणि खालच्या कोऱ्या जागेवर वाकलाय. उजव्या हातानं. कागद वाळला की पाकिटात घालू.

काय लिहिलंस, म्हणून विचारलं, तर दोघंबी सांगंनात. तुझी आई नाक पुसतेय. एकच अक्षर आहे, डोक्यावर पीस खोवल्यासारखी एक मात्रा. वरची रेघ तुळईएवढी, पोटातली फट मोकळी. मला वाचता येत नाही, शिवा. पण एवढं जाड अक्षर कुणी शेजारी बसून बोलायला काढत नाही.

ये